रिकामे हात आणि देशाचे भवितव्य

विकसनशील देशाच्या आर्थिक भवितव्याची चर्चा बहुधा वाढीच्या दराभोवती फिरते. दर सहा टक्के राहील की सात, यावर पंडितांचे वाद रंगतात. ही चर्चा निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु शेतीत ज्याच्या हातांना काम उरले नाही, त्या माणसाने जायचे कुठे, हा प्रश्न तीत क्वचितच येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो 1918 सालीच विचारला होता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

त्या वर्षी त्यांनी हिंदुस्थानातील शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. तुकडे जोडा, वाटण्या थांबवा, म्हणजे शेती सुधारेल, असे तेव्हाचे जाणकार सांगत. बाबासाहेबांनी हे निदान अपुरे ठरवले. शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर राबणारे हात, अवजारे आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसांचा भार आहे. ती रिकामी बसली तरी त्यांना खायला लागतेच. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचे औषध औद्योगिकीकरणात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मुंबईच्या उपनगरांत हे औषध काही काळ लागू पडले. महापालिकेची हद्द 1950 साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि 1957 साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखाने उभे राहिले. अंधेरीत 1973 साली निर्यातीसाठी सीप्झ आले. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेले माझे आजोबा भांडुपच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले. पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंड आणि युनियन यांनी बलुत्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ताठ उभे केले.

अर्थात कारखाना आला म्हणून जात गेली नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढावा लागे. या सबबीवर अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. उद्योगाचे दार कोणाला उघडे आहे आणि त्याची मालकी कोणाकडे आहे, हेही त्यांनी तपासले. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेतीही राज्याचा उद्योग व्हावी, अशी मागणी त्यांनी केली.

पुढे 1982 चा गिरणी संप झाला, 1991 चे नवे आर्थिक धोरण आले. उपनगरांत कारखान्याखालची जमीन कारखान्यापेक्षा मोलाची ठरली. अनेक ठिकाणी मॉल आणि मनोरे उभे राहिले. आजोबांचा कारखानाही बंद पडला. वडील कंत्राटदाराकडे पहारेकरी झाले. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि खुद्द महापालिकेतही कंत्राटी पद्धत शिरली. तेथील 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम नोकरीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. 2017 साली त्यांना न्याय मिळाला.

आता देशाचे आकडे पाहा. 1970-71 साली शेतीचे सरासरी धारणक्षेत्र 2.28 हेक्टर होते. 2015-16 साली ते 1.08 हेक्टरवर आले. राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे, तरी सुमारे 45 टक्के कामकरी माणसे शेतीवरच आहेत. 2020 च्या टाळेबंदीत तर शहरांनी लाखो माणसे पुन्हा गावाकडे लोटली. 1918 चे दुखणे शंभर वर्षांनंतरही कायम आहे.

म्हणून वाढीच्या दराने हुरळून जाण्याचे आपल्याला कारण नाही. किती हात शेतीबाहेर आले, त्यांना कायम काम मिळाले की कंत्राटी, आणि त्यात जातीने कोणाला कुठे उभे केले, या तीन प्रश्नांवर देशाचे भवितव्य तपासले पाहिजे. आपल्या चळवळीने अर्थशास्त्र पंडितांवर सोडून चालणार नाही. बाबासाहेबांनी ते सोडले नव्हते.