प्लेगची लस आणि मुक्या जीवांचे देणे



परवा नातीने विचारले, "आजी, आपण मुंगीसुद्धा मारत नाही, मग प्राण्यांवर तपासलेली लस कशी घेतो?" मला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून आपल्या मुंबईपासून सुरू झालेली प्लेगच्या लसीची गोष्ट वाचून काढली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशा जागेत कामाला लागले. त्यांच्या लसीत चक्क आपले तूप होते! मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब सोडले की त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून लस करायची. ती आधी सशांना टोचली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. टोचून घेतलेल्यांत प्लेग कमी झाला.

पण हा पिसवा चावून होणारा गाठीचा प्लेग. फुप्फुसाचा प्लेग खोकल्याच्या तुषारांतून, म्हणजे श्वासातून पसरतो. वेळेत औषध मिळाले नाही तर रोगी दोन-चार दिवसांत जातो. १९१०-११ मध्ये मांचुरियात अशा प्लेगने सुमारे साठ हजार माणसे गेली. मेलेल्या जंतूंची लस श्वासातून येणाऱ्या प्लेगपुढे कमी पडते, हे पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले.

मग शास्त्रज्ञांनी अख्ख्या जंतूऐवजी त्याची 'एफ-१' आणि 'व्ही' ही दोनच प्रथिने घेऊन लस केली. तिने उंदीर वाचले. माकडांवर मात कोडे पडले. जंतू श्वासातून दिल्यावर सायनोमोल्गस जातीची माकडे चांगली तगली, पण आफ्रिकन ग्रीन माकडांना तसे संरक्षण मिळाले नाही. मग माणसाचे काय? माणसाला मुद्दाम प्लेग हुंगवून पाहता येत नाही. म्हणून अमेरिकेने २००२ मध्ये नियम केला: अशा रोगांत गुण प्राण्यांवर सिद्ध करावा, सुरक्षितता माणसांत तपासावी. पुढे लस घेतलेल्या माणसांच्या रक्तातील द्रव उंदरांना देऊन त्यांचा बचाव होतो का, हेही पाहिले गेले.

हा धोका जुना झालेला नाही. १९९४ चे सुरत आपल्याला आठवते. मादागास्करमध्ये २०१७ सालीही फुप्फुसाचा प्लेग पसरला.

मी कॉमर्सची. एका खात्यात जमा झाले की दुसऱ्या खात्यात नावे पडतेच, हे शिकलेली. आपल्या आरोग्याच्या जमेसमोर ससे, उंदीर, माकडे यांच्या नावे पडलेला आकडा आहे. तो झाकून अहिंसेच्या गप्पा मारणे मला पटत नाही. लस नाकारून घरातले लेकरू गमावणे हीसुद्धा अहिंसा नव्हे. कमीत कमी जीवांवर, कमीत कमी वेदना देऊन काम व्हावे, हे मागणे मात्र आपण धरून ठेवले पाहिजे.

नातीला एवढेच म्हटले, "लस घेऊ, बाळा. पण संवत्सरीला क्षमा मागताना त्या माकडांचीही आठवण ठेवू."

जय जिनेंद्र.