मूल कोणाचे?

आमच्या देवपुरातल्या जुन्या गल्ल्यांत एखादे अनोळखी पोर खेळताना दिसले की ओट्यावरची आजी हमखास विचारते, "हाऊ पोऱ्या कोना शे?" प्रश्न अगदी साधा. बापाचे नाव, आडनाव, गाव सांगितले की आजीचे समाधान होते. पण ह्याच साध्या प्रश्नाने शास्त्रकारांना, न्यायाधीशांना आणि अलीकडे डॉक्टरांना कसे कोड्यात टाकले, ते आज आपणांस थोडक्यात सांगावयाचे आहे.

निमित्त असे घडले. माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीत घरी आला. लग्नानंतर बरीच वर्षे त्याला मूल नव्हते. पुढे उपचार झाले, मुलगी झाली. ती आता चौथीत आहे. उपचाराच्या वेळी शरीराबाहेर जे भ्रूण तयार केले, त्यांपैकी दोन रुग्णालयात गोठवून ठेवलेले होते. त्यांची मुदत संपत आल्याचे पत्र आले होते. ते नष्ट होऊ द्यावयाचे की संशोधनासाठी द्यावयाचे, एवढेच कळवावयाचे होते. तो म्हणाला, "सर, बायको दोन रात्री झोपली नाही. ती म्हणते, ही आपल्या पोरीची भावंडं. मी म्हणतो, ते अजून कोणीच नाहीत. तुम्ही इतिहास शिकवता. आमच्याआधी असं कोणावर आलं होतं का हो?"

मी म्हटले, हुबेहूब नाही. पण जवळपासचे पुष्कळांवर आले होते.

मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस म्हणजे पोटचा. पण त्याच्याबरोबर क्षेत्रज आहे, दत्तक आहे, लग्नाआधी झालेला कानीनही आहे. म्हणजे मूल केवळ रक्तानेच आपले होते असे आपल्या पूर्वजांनीही धरले नव्हते. पांझरेपलीकडे धुळ्यात १९२६ साली ज्यांनी देह ठेवला, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी विवाहसंस्थेचा इतिहास लिहून हेच निर्भीडपणे दाखविले: कुटुंबाच्या चाली आकाशातून पडत नाहीत, माणसे त्या घडवितात आणि बदलतात.

आता दत्तकाचे पाहा. १८१८ नंतर खानदेश मुंबई इलाख्यात आला. बंगालमध्ये विधवेला दत्तक घ्यावयाचा तर नवऱ्याने हयातीत दिलेली स्पष्ट परवानगी लागे. आपल्या इलाख्यात तसे नव्हते. नवऱ्याने मनाई केलेली नसली म्हणजे पुरे. आणि गंमत अशी, की दत्तक नवऱ्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी घेतला तरी तो त्या मृत्यूच्या दिवसापासूनच घरात होता असे कायदा मानी. म्हणजे कायद्याने काळच गोठवून ठेवला होता म्हणा ना! मधल्या काळात भाऊबंदांकडे गेलेली जमीन त्यामुळे परत मागता येई. भांडणे थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली. आणि ज्याच्या नावाने हे सारे चाले, तो तर बोलावयास उरलेलाच नसे! १९५६ च्या कायद्याने हा घोळ मिटविला: दत्तक ज्या दिवशी घेतला, त्या दिवसापासूनच तो त्या घरचा.

जो काळ कायद्याने कागदावर थांबविला होता, तो पुढे विज्ञानाने खरोखरच थांबविला. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात शरीराबाहेर गर्भधारणा झालेले पहिले मूल जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने तशीच एक मुलगी जन्मली. त्यांनी तर भ्रूण काही आठवडे गोठवून मग आईच्या गर्भाशयात ठेवला होता. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांना यश आले, आणि देशातले असे पहिले मूल म्हणून त्या मुलीची नोंद झाली. पण डॉ. आनंद कुमारांनी नंतर मुखर्जींची कागदपत्रे स्वतः तपासली आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिले की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. आपल्या पदरी पडलेला मान दुसऱ्याला देणारी माणसे इतिहासात फार थोडी भेटतात. ह्या शास्त्रातली नीती इथूनच सुरू होते: जे झाले ते खरे सांगावे.

पण गोठविण्याची विद्या आली आणि दत्तकाचा जुना पेच नव्या रूपात उभा राहिला. अमेरिकेतले एक श्रीमंत जोडपे १९८३ साली विमान अपघातात गेले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला त्यांचे दोन भ्रूण गोठविलेले होते. त्यांचे काय करावे हे दोघांनी कुठेच लिहून ठेवले नव्हते. मग ते भ्रूण वारस की काय, असा वाद माजला. १९९२ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितले, की असा भ्रूण माणूसही नव्हे आणि मालमत्ताही नव्हे. तो ह्या दोहोंच्या मधला आणि विशेष आदराला पात्र आहे. मला हे म्हणणे पटते.

आपल्याकडे २०२१ साली कायदा झाला. उपचार घेणाऱ्यांपैकी कोणी दगावले किंवा असमर्थ झाले तर काय करावयाचे, हे लेखी घेतल्याशिवाय भ्रूण गोठविता येत नाही. ठेवण्याची मर्यादा दहा वर्षे. आणि ह्या मार्गाने जन्मलेले मूल त्या जोडप्याचे पोटचेच मानावयाचे. मनूचे बारा रकाने एका वाक्यात मिटले!

मी त्या विद्यार्थ्याला एवढेच सांगितले: "बाबा, जुन्या खटल्यांतले दुःख हे, की ज्याला विचारावयाचे तो नव्हता आणि बाकीचे त्याच्या वतीने बोलत होते. तुम्ही दोघे आहात. बायको म्हणते त्यात माया आहे, तू म्हणतोस त्यात तथ्य आहे. दोघे एकत्र बसा आणि काय ते स्वतःच्या हाताने लिहा. पत्र कपाटात पडून मुदत संपली, असे मात्र होऊ देऊ नका. आदर म्हणतात तो हाच."

महिन्याने तो मुलीला घेऊन आला. पत्र दोघांच्या सहीने गेले, म्हणाला. काय लिहिले ते मी विचारले नाही. निघताना गल्लीतल्या आजीने मुलीकडे पाहून नेहमीचा प्रश्न केला. मुलीने बापाचा हात धरला आणि आईबापांची दोन्ही नावे खणखणीत सांगितली.