शिक्षेची फेरसुनावणी

रत्नागिरी जिल्ह्यात कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे नावारूपास आलेल्या अलोरे गावात खुनाचा गुन्हा घडला आणि सत्र न्यायालयाने त्यात देहांताची शिक्षा फर्मावली, तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्यावाचून अमलात येत नाही, हा दंडक १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होता. शिक्षा घटविण्याचा व खटला नव्याने चालविण्याचा हुकूम देण्याचा अखत्यारही अपिलाच्या न्यायालयास होता. परंतु केवळ शिक्षेपुरते प्रकरण खाली धाडण्याचा प्रसंग त्या काळी सहसा उद्भवत नसे, कारण दोषनिर्णय आणि शिक्षा एकाच निकालपत्रात येत, आणि आरोपीचे वय, त्याचे पूर्वचरित्र, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांविषयी विचारण्याचा निराळा टप्पाच कायद्यात नव्हता.

तो टप्पा विधी आयोगाच्या शिफारशीनंतर १९७३ च्या संहितेच्या कलम २३५ (२) ने निर्माण केला, आणि १ एप्रिल १९७४ पासून तो अमलात आला. सत्र न्यायालयांची जुनी वहिवाट मात्र एकदम सुटली नाही. पंजाबातील संतासिंग याच्या खटल्यात शिक्षेबाबत सुनावणी झालीच नव्हती, म्हणून १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषनिर्णय कायम ठेवून तेवढ्याच मुद्द्यावर प्रकरण परत पाठविले. पुढच्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील मानवतच्या हत्याकांडाचे अपील आले, तेव्हा न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी असे ठरविले की, परत पाठविणे हा अपवाद असावा, नियम नव्हे. खालच्या न्यायालयाची उणीव वरिष्ठ न्यायालयाने स्वतः आरोपीचे म्हणणे ऐकून भरून काढावी, म्हणजे कालहरण टळेल. हा विचार योग्यच होता. मात्र त्याच निकालपत्रात आरोपीला आपली माहिती प्रतिज्ञापत्राने मांडू द्यावी असेही म्हटले होते, आणि ते वाक्य फार लवकर विस्मृतीत गेले, हे मला अतिशय खेदाचे वाटते.

कारण प्रत्यक्षात काय होते? दोषी ठरल्याचे ऐकून सुन्न झालेल्या माणसाला पिंजऱ्यातच विचारतात, शिक्षेविषयी काय सांगायचे आहे. तो म्हणतो, घरी म्हातारी आई आहे, मुले लहान आहेत, दया करावी. एवढ्या दोन ओळी लिहून घेतल्या की सुनावणी संपली. दोषनिर्णयानंतर शिक्षेसाठी पुढची तारीख द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाला १९८९ साली अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात सांगावे लागले ते याचमुळे.

आता १९७३ च्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये शिक्षेबाबतच्या सुनावणीची हीच तरतूद कायम आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्याची अपिले मुंबईऐवजी कोल्हापूरच्या खंडपीठाकडे, अलोऱ्याहून पाहता घाट चढून कऱ्हाडमार्गे, जाऊ लागली आहेत. वाट बदलली तरी वर जाणारा कागद कोराच असेल, तर वरचे न्यायालय तरी काय वाचणार? म्हणून जिल्ह्यातील वकीलमंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की, आरोपीच्या शाळेचा दाखला, आजारपणाचे कागद व तुरुंगातील वर्तणुकीचा अहवाल त्यांनी निकालाच्या तारखेपूर्वीच मिळवून ठेवावा.