कुलाबा वेधशाळा आणि 1859 चे चुंबकीय वादळ : एका नोंदीचा इतिहास

प्रस्तावना

सूर्याच्या बाह्य आवरणातून विद्युत्भारित कणांचा झोत अवकाशात अखंड वाहत असतो. त्यास सौरवात असे म्हणतात. त्याचा वेग सामान्यतः सेकंदाला 300 ते 800 किलोमीटर इतका असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या झोताला अडविते आणि त्यामुळे पृथ्वीभोवती चुंबकांबर नावाचे एक विस्तीर्ण कवच तयार होते. सूर्याकडील बाजूस या कवचाची सीमा पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे दहापट अंतरावर असते, तर विरुद्ध बाजूस ते लांबलचक शेपटीसारखे पसरलेले असते. सौरवातातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे झाली, की त्याच्या बलरेषा पृथ्वीच्या बलरेषांशी जोडल्या जातात व सौरवाताची ऊर्जा कवचाच्या आत शिरते. चुंबकीय वादळाची सुरुवात अशी होते.

हे ज्ञान विसाव्या शतकातील आहे. मात्र या वादळांची मोजणी त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईतील कुलाबा येथे चालू होती. 2 सप्टेंबर 1859 रोजी तेथे घेतलेली निरीक्षणे आज जगभरच्या संशोधनात आधारभूत मानली जातात. कारण ठाऊक नसताना केलेली ही नोंद इतकी मोलाची का ठरली आणि तिच्यापासून कोणता निष्कर्ष काढणे योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुलाबा वेधशाळेची जडणघडण

ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. खगोलीय वेध घेणे व बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविणे हे तिचे आरंभीचे हेतू होते. याच काळात जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे गाउस व वेबर यांनी भूचुंबकत्वाच्या सूक्ष्म मापनाची पद्धत सिद्ध केली होती. पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत एकाच वेळी चुंबकीय निरीक्षणे घ्यावीत, हा विचार युरोपात बळावला व ब्रिटिशांनी टोरांटो, सेंट हेलेना, होबार्ट अशा दूरदूरच्या ठिकाणी निरीक्षणकेंद्रे उघडली. कुलाबा येथे 1841 मध्ये चुंबकीय निरीक्षणांना प्रारंभ झाला तो याच चळवळीचा भाग म्हणून. एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे त्याची सूत्रे होती.

मराठी विद्येच्या इतिहासाशीही या वेधशाळेचा निकटचा संबंध आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी या वेधशाळेची जबाबदारी काही काळ सांभाळली. पुढे गणिती व ज्योतिषी म्हणून कीर्ती मिळविलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुण वयात तेथे साहाय्यक म्हणून काम केले. ठरलेल्या वेळी दुर्बिणीतून चुंबकपट्टीची स्थिती पाहणे, आकडा वहीत उतरविणे आणि पुन्हा पुढच्या वेळेची वाट पाहणे, असे या कामाचे स्वरूप होते. त्यात शोधाचा थरार क्वचितच असे. नियमितपणाला मात्र पर्याय नव्हता.

1 व 2 सप्टेंबर 1859

इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे 1 सप्टेंबर 1859 रोजी सकाळी सौर डागांचे चित्र रेखाटत होते. ग्रिनिच वेळेनुसार अकरा वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास एका मोठ्या डागसमूहावर अत्यंत तेजस्वी प्रकाशाचे दोन ठिपके त्यांना दिसले व काही मिनिटांतच ते मावळले. रिचर्ड हॉजसन यांनीही हे दृश्य स्वतंत्रपणे पाहिले. त्याच क्षणी लंडनजवळील क्यू वेधशाळेत चुंबकसूची किंचित हलल्याची नोंद झाली. सौरज्वालेच्या क्ष-किरणांमुळे व अतिनील किरणांमुळे वरच्या वातावरणातील आयनांबराची विद्युत्वाहकता एकाएकी वाढते व तेथील प्रवाह बळावतात, हे त्याचे कारण आज सांगता येते. तेव्हा आयनांबर ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती.

सुमारे साडेसतरा तासांनी खरे वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. ध्रुवीय प्रकाश कॅरिबियन समुद्रातील बेटांपर्यंत दिसला. अमेरिकेत बॉस्टन व पोर्टलंड यांच्यामधील तारायंत्र घटमाला काढून टाकून केवळ वादळाने उत्पन्न झालेल्या प्रवाहावर काही काळ चालविण्यात आले. इंग्लंडमधील स्वयंचलित उपकरणे प्रकाशचित्रणाच्या कागदावर आलेख काढीत असत; परंतु विक्षोभ इतका प्रचंड होता की आलेखाची रेषा कागदाबाहेर गेली.

मुंबईत त्या वेळी 2 सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्यात चुंबकक्षेत्राचा क्षैतिज घटक प्रथम सुमारे 120 नॅनोटेस्लांनी वाढला. त्यानंतर साधारण दीड तासात तो सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी खाली आला. मुंबईतील एकूण क्षैतिज घटकाच्या मानाने ही घट चार टक्क्यांच्या आसपास होती. येथील निरीक्षणे डोळ्यांनी पाहून घेतली जात. एरवी तासातासाने होणारे वाचन विक्षोभाच्या काळात कमी अंतराने, काही वेळा पाच-पाच मिनिटांनी केले जाई. त्यामुळे घसरण, तळ व त्यानंतरची सुधारणा या तिन्ही अवस्था वहीत उतरल्या. युरोपच्या तुलनेत मुंबई ध्रुवीय प्रदेशापासून पुष्कळ दूर असल्याने विक्षोभ उपकरणाच्या मर्यादेत राहिला, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. भौगोलिक स्थान व निरीक्षकांची शिस्त या दोहोंच्या योगाने ही नोंद सिद्ध झाली.

नकाराची पन्नास वर्षे

सौर डागांची संख्या व चुंबकीय विक्षोभ यांचे चढउतार बरोबरीने होतात, हे सॅबाइन यांनी 1852 मध्येच दाखविले होते. तरीही सूर्य हे वादळाचे कारण आहे, हे मान्य होण्यास दीर्घकाळ लागला. खुद्द कॅरिंग्टन यांनीही एका घटनेवरून निष्कर्ष काढण्याचे टाळले. 1892 मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी रॉयल सोसायटीपुढे 25 जून 1885 च्या वादळाचे गणित मांडले. ते वादळ सूर्याच्या चुंबकीय लहरींमुळे झाले असे मानल्यास सूर्याने आठ तासांत, एरवी प्रकाश व उष्णता यांच्या रूपाने चार महिन्यांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकली जाते तेवढी खर्च केली असे म्हणावे लागेल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. गृहीतक चुकीचे होते. सूर्याचा प्रभाव सर्व दिशांना पसरणाऱ्या लहरींनी नव्हे, तर कणांच्या झोताने पृथ्वीपर्यंत पोहोचतो, ही शक्यता त्यात धरलेली नव्हती.

नानाभाई मूस आणि अलिबागचे स्थलांतर

या वादाच्या काळात कुलाब्याचे काम थांबले नाही. 1896 मध्ये नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे स्पष्ट झाले, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे चुंबकीय निरीक्षणे दूषित होतील, हे वेधशाळेने वेळीच ओळखले. अचुंबकीय बांधकामसाहित्य वापरून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली व 1904 मध्ये तेथे काम सुरू झाले. विशेष म्हणजे 1904 ते 1906 या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन त्यांचा परस्परसंबंध निश्चित करण्यात आला. मुंबईत विजेची ट्राम प्रत्यक्ष धावली ती 1907 मध्ये. ही दूरदृष्टी नसती, तर 1904 पूर्वीची व नंतरची नोंद अशी दोन तुटक प्रकरणे शिल्लक राहिली असती.

मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे संकलन व विश्लेषण 1910 मध्ये प्रसिद्ध केले. अनेक वादळांच्या नोंदी एकत्र करून वादळाचे सर्वसाधारण स्वरूप त्यांनी पुढे आणले : आरंभी अल्पशी वाढ, मग वेगवान घट आणि त्यानंतर संथ पूर्वस्थिती. चॅपमन यांच्यासारख्या पुढील अभ्यासकांनी याच दिशेने वादळांची मीमांसा केली.

अन्वयार्थ आणि मतभेद

1958 मध्ये पार्कर यांनी सौरवाताचा सिद्धांत मांडला. परीक्षकांनी प्रतिकूल मत दिले असतानाही सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर यांनी संपादक या नात्याने तो प्रसिद्ध केला. 1962 मध्ये मरिनर 2 या यानाने सौरवाताचे प्रत्यक्ष मापन केले. वादळात पृथ्वीभोवती विद्युत्भारित कणांचा वलयाकार प्रवाह वाढतो व त्याच्या चुंबकीय प्रभावाने पृष्ठभागावरील क्षैतिज घटक घटतो, हेही स्पष्ट झाले. कुलाब्याच्या जुन्या आकड्यांना आता भौतिक अर्थ प्राप्त झाला.

1971 मध्ये कुलाबा-अलिबाग वेधशाळांची परंपरा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आली. या संस्थेतील लखिना व अ‍ॅलेक्स यांनी त्सुरुतानी व गोन्झालेस यांच्यासमवेत 2003 मध्ये 1859 च्या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांच्या अंदाजानुसार त्या वादळाची तीव्रता उणे 1,760 नॅनोटेस्ला इतकी होती. मार्च 1989 मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडणाऱ्या वादळाची तीव्रता उणे 590 च्या आसपास, तर मे 2024 मधील वादळाची उणे 400 च्या आसपास होती. या तुलनेवरून 1859 च्या घटनेची भीषणता ध्यानात येते.

तथापि या आकड्याविषयी मतभेद आहेत. आधुनिक निर्देशांक तासाच्या सरासरीवर व अनेक केंद्रांवर आधारलेला असतो; कुलाब्याची नोंद एका केंद्राची व क्षणिक वाचनांची आहे. तासाची सरासरी घेतल्यास घट जवळजवळ निम्मी होते. शिवाय मुंबई तेव्हा दिवसाच्या बाजूस असल्याने घसरणीचा काही भाग वलयप्रवाहाऐवजी आयनांबरातील व त्याला जोडणाऱ्या प्रवाहांचा असावा, असेही काही अभ्यासक मानतात. तेव्हा ‘1,760’ हा आकडा निर्विवाद सत्य म्हणून उद्धृत करणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरत नाही. हा वाद होऊ शकतो, याचे कारण मात्र मूळ वाचने वेळेसह जतन झाली हेच आहे. केवळ सरासरी ठेवून मूळ आकडे टाकून दिले असते, तर प्रश्न विचारण्याचीही सोय उरली नसती.

समारोप

अशा वादळांत वरचे वातावरण तापते व प्रसरण पावते. फेब्रुवारी 2022 मध्ये तुलनेने सौम्य वादळातही हवेचा रोध वाढल्याने नुकतेच प्रक्षेपित झालेले सुमारे चाळीस स्टारलिंक उपग्रह नष्ट झाले. वीजजाळी व उपग्रह यांवर अवलंबून असलेल्या समाजाला 1859 सारखे वादळ किती महाग पडेल, याचे गणित करताना कुलाब्याच्या वहीतील त्या काही तासांच्या नोंदी पुन्हापुन्हा उघडाव्या लागतात. त्या लिहिणाऱ्यांना सौरवात ठाऊक नव्हता. पाहिले तेच लिहावे, वेळेवर लिहावे व लिहिलेले जपावे, एवढेच त्यांनी केले. स्थलांतराच्या वेळी दोन वर्षे दुहेरी श्रम सोसणाऱ्या मूस यांच्या पिढीने ती परंपरा खंडित होऊ दिली नाही. भारतातील विज्ञानाचा इतिहास लिहिताना सिद्धांतकारांबरोबर या निरीक्षकांनाही स्थान द्यावे लागेल. आज महाविद्यालये व शासकीय कार्यालये यांत पडून असलेल्या पर्जन्यमान, भरती-ओहोटी, पीकपाणी यांच्या जुन्या वह्यांकडेही याच दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.