डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आवृत्त्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा मेजाभोवती बसून खेळला जाणारा अमेरिकी ‘रोल-प्लेइंग’ प्रकारचा कल्पनारम्य खेळ आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील टीएसआर या संस्थेने १९७४ मध्ये प्रथम प्रकाशित केला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, ‘डंजन मास्टर’ भोवतालचे जग व प्रसंग उभे करतो आणि संदिग्ध कृतींचा निकाल फाशांवर लागतो. १९९७ पासून खेळाचे हक्क विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहेत; ही कंपनी १९९९ मध्ये हॅस्ब्रोने विकत घेतली.

मराठी प्रकाशनव्यवहारात ‘दुसरी आवृत्ती’ म्हणजे पुष्कळदा केवळ पुनर्मुद्रण असते. येथे तो अर्थ घेऊ नये. या खेळाची नवी आवृत्ती म्हणजे बहुधा नवी नियमव्यवस्था, आणि जुन्या नियमांसाठी लिहिलेली साहसे तिच्यात जशीच्या तशी चालत नाहीत. मात्र जुने नियमपुस्तक निरुपयोगीही होत नाही. चार मित्र आणि फासे असले की ते पन्नास वर्षांनंतरही चालते. त्यामुळे प्रकाशकाला प्रत्येक वेळी स्वतःच्याच जुन्या पुस्तकांशी स्पर्धा करावी लागते.

टीएसआरचा काळ

मूळ संच तीन छोट्या पुस्तिकांचा होता व त्याच्या पहिल्या हजार प्रती हातांनी जुळवून पेट्यांत भरल्या होत्या. नियम त्रोटक असल्याने प्रत्येक गट त्यांचा आपापल्या परीने अर्थ लावी. १९७७ ते १९७९ या काळात ‘मॉन्स्टर मॅन्युअल’, ‘प्लेअर्स हँडबुक’ व ‘डंजन मास्टर्स गाइड’ ही ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेची तीन पुस्तके आली, आणि तीन मुख्य पुस्तकांचा तो शिरस्ता आजही टिकून आहे. त्याच वेळी नवशिक्यांसाठी ‘बेसिक’ ही निराळी मालिका सुरू राहिली. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेच्या स्वामित्वधनावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये टीएसआरवर दावा लावला; तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला.

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये डेव्हिड कुक यांच्या नेतृत्वाखाली निघाली. हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, असा आरोप त्या दशकात अमेरिकेत होत होता. परिणामी ‘डीमन’ व ‘डेव्हिल’ हे शब्द गाळून त्या प्राण्यांना ‘टॅनारी’ व ‘बाटेझू’ अशी नवी नावे देण्यात आली. पुढे डार्क सन, प्लेनस्केप अशा अनेक कल्पित जगांच्या स्वतंत्र मालिका निघाल्या. यांतील काही आजही नावाजल्या जातात, पण ग्राहकवर्ग त्यांच्यात विभागला गेला. न विकलेली पुस्तके परत येऊ लागली, कर्ज वाढले आणि १९९७ मध्ये टीएसआर विकली गेली.

तिसरी आवृत्ती व खुला परवाना

तिसरी आवृत्ती २००० मध्ये आली. पूर्वी चिलखताचा अंक जितका कमी तितके संरक्षण अधिक, अशी उलटी गणना होती. ती सरळ करण्यात आली व बहुतेक कृतींना वीस बाजूंच्या फाशाचा एकच नियम लागू झाला. प्रकाशनाच्या दृष्टीने मात्र ‘ओपन गेम लायसन्स’ हा परवाना याहून महत्त्वाचा ठरला. त्याखाली कोणालाही मूळ नियमांवर आधारित पुस्तके विनामूल्य परवानगीने छापता येऊ लागली. इतरांनी साहसे लिहावीत आणि त्यामुळे मुख्य पुस्तकांचा खप वाढावा, असा रायन डॅन्सी यांचा हिशेब होता. २००३ मध्येच ३.५ ही सुधारित आवृत्ती निघाल्याने ग्राहकांवर पुन्हा खर्चाचा बोजा पडला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने नियम मुळापासून बदलले आणि खुल्या परवान्याऐवजी अधिक जाचक परवाना आणला. जुना परवाना मात्र अस्तित्वात होताच. त्याच्या आधारे पायझो या प्रकाशनसंस्थेने ३.५ चे नियम सुधारून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ प्रकाशित केला व नाराज खेळाडूंचा मोठा वर्ग आपल्याकडे वळवला. सत्तरच्या दशकातील नियमांना नवे शब्दरूप देणारी ‘ओस्रिक’सारखी पुस्तकेही याच परवान्यातून निघाली.

पाचवी आवृत्ती आणि नंतर

पाचवी आवृत्ती २०१२ पासून खेळाडूंकडून जाहीरपणे तपासून घेऊन २०१४ मध्ये प्रकाशित झाली. नियम सुटसुटीत झाले, २०१६ मध्ये खुला परवाना परत आला आणि इंटरनेटवरील प्रक्षेपणांमुळे खेळाला अभूतपूर्व लोकप्रियता लाभली.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात जुना परवाना संपुष्टात आणण्याची आणि साडेसात लाख डॉलरांपुढील वार्षिक उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन घेण्याची तरतूद होती. वाद एका शब्दावर येऊन ठेपला: जुन्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ असे म्हटले होते, ‘रद्द न करता येणारा’ असे नव्हते. वीस वर्षे त्यावर विसंबलेल्या लहान प्रकाशकांचा सारा व्यवसाय या फरकावर लटकला होता. तीव्र विरोधानंतर कंपनीने माघार घेतली व त्याच महिन्यात पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. तो परवाना रद्द करता येत नाही.

मुख्य पुस्तकांच्या सुधारित प्रती सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात निघाल्या. कंपनीने त्यांना सहावी आवृत्ती म्हणण्याचे टाळले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डी अँड डी बियॉन्ड’ या तिच्या संगणकीय सेवेने खेळाडूंच्या पात्रपत्रकांवरील जुने मंत्र नव्या रूपात बदलण्याचे जाहीर केले होते. कपाटातील छापील पुस्तकाबाबत असे करणे अशक्यच. ग्राहकांच्या तक्रारींनंतर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला.