जुनें द्यावें कीं ठेवावें?

जुन्या वस्तूंचें काय करावें, हा प्रश्न प्रत्येक संसारांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. बहुधा त्याचा निकाल दिवाळीपूर्वींच्या झाडलोटींत, घाईघाईनें आणि फारसा विचार न करतां लागतो. आमच्या कारंज्याच्या घरीं मात्र गेल्या वर्षीं हा प्रश्न असा कांहीं उभा राहिला कीं, त्याच्या उत्तरासाठीं आम्हांस गांवाच्याच इतिहासाचीं कांहीं पानें चाळावीं लागलीं. विषय प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. कारण वादाचें मूळ होतें मुलांचें खेळण्याचें एक यंत्र. परंतु वाचकांनीं थोडा धीर धरावा, अशी आमची विनंती आहे.

टीव्हीला जोडून पडद्यावरचे खेळ खेळावयाचीं अशीं दोन यंत्रें घरांत होतीं. एक सोनी कंपनीचें ‘प्लेस्टेशन टू’, आणि दुसरें त्याच घराण्यांतलें ‘प्लेस्टेशन फोर’. आमच्या पुतण्यास हवें होतें पांचवें. अमरावतीच्या एका दुकानदारानें जुनीं दोन्ही घेऊन नव्याच्या किंमतींत सूट देण्याचें कबूल केलें. चौथ्याची त्यानें बरी किंमत केली. दुसऱ्याची मात्र केवळ नांवापुरती, आणि तीहि सगळ्या वायरी व तबकड्या सोबत दिल्या तर. “काका, देऊनच टाकूं, तेवढीच अडगळ कमी,” असें पुतण्याचें म्हणणें. त्याची थोरली बहीण नोकरीनिमित्त पुण्यास असते. तिनें फोनवरून बजावलें कीं, “काका, चौथें द्या, पांचवें घ्या; पण त्या जुन्याला हात लावूं देऊं नका.” दोघेंहि लहानपणीं त्याच यंत्रापुढें बसून खेळलीं व भांडलीं. निवाडा आमच्याकडे आला.

जुनें देऊन नवें घेण्याची चाल आपल्याकडे पुरातन आहे. बोहारीण दारीं येई, जुनीं लुगडीं घेई व भांडें देई. फुटकें तपेलें मोडींत घालून नवी घागर आणीत. सोनार जुना दागिना आटवून नवा घडवी. या व्यवहारांत तोटा झालाच तर तो घडणावळीचा. धातु कोठें जात नाहीं. जुन्या तपेल्याचें पितळ नव्या घागरींत नांदतें. परंतु याच व्यवहाराची दुसरीहि एक बाजू होती. खऱ्या जरीचें जीर्ण वस्त्र जाळून त्यांतलें रुपें काढून घेत. रुपें हातीं लागे. पण तो कांठ, ती नक्षी व विणकराचा तो हात यांचा मागमूस राहत नसे. म्हणजे मोडींत घालण्याच्या वस्तु दोन जातींच्या आहेत. एकीचें सार नव्या वस्तूंत उतरतें. दुसरीचें भट्टींतच संपतें. तेव्हां प्रत्येक वेळीं विचारावयाचें तें एवढेंच कीं, हातांतली वस्तु कोणत्या जातीची?

ही कसोटी आमच्या यंत्रास लावण्यापूर्वीं त्याची वंशावळ थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. घरच्या टीव्हीवर खेळावयाचें पहिलें यंत्र ‘ओडिसी’ हें अमेरिकेंत १९७२ सालीं विक्रीस आलें. त्याची कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची. १९७७ सालीं ‘अटारी’ कंपनीनें खेळ बदलतां येणारें आपलें प्रसिद्ध यंत्र काढलें. १९८३ च्या जुलै महिन्यांत जपानांत निन्टेन्डोचें ‘फॅमिकॉम’ निघालें. याच यंत्राच्या नकला पुढें ‘सामुराई’सारख्या नांवांनीं आपल्या बाजारांत आल्या व मध्यमवर्गीय घरांत पोंचल्या. त्यांतील खेळाच्या पेटीस आपलीं मुलें ‘कॅसेट’ म्हणत आणि ती चालेनाशी झाली कीं तिच्या तोंडांत फुंकर मारीत. १९९४ च्या डिसेंबरांत सोनीनें जपानांत पहिलें प्लेस्टेशन आणलें व पेटीची जागा तबकडीनें घेतली. दुसरें प्लेस्टेशन ४ मार्च २००० रोजीं निघालें; तें २०१३ च्या आरंभापर्यंत बनत राहिलें, आणि पंधरा कोटींहून अधिक नग जगभर खपले. इतक्या मोठ्या संख्येनें घरोघर गेलेलें खेळाचें दुसरें यंत्र क्वचितच दाखवितां येईल.

जें इतकें विपुल, तें जपण्याची आवश्यकता काय, असें कोणी विचारील. येथेंच खरी मेख आहे. पोथी वाचावयास डोळे व लिपीचें ज्ञान पुरतें. तबकडी वाचावयास तिचेंच यंत्र लागतें. २००६ सालीं तिसरें प्लेस्टेशन निघालें, तेव्हां त्याच्या आरंभींच्या प्रतींत दुसऱ्या यंत्राचा मेंदूच आंत बसविलेला होता. त्यामुळें जुन्या तबकड्या त्यांवर चालत. पुढें खर्च वांचविण्यासाठीं तो काढून टाकण्यांत आला. चौथें यंत्र दुसऱ्याच्या तबकड्या वाचीत नाहीं, पांचवेंहि वाचीत नाहीं. उलट चौथ्याचे बहुतेक सर्व खेळ पांचव्यावर चालतात, आणि त्यांतील नोंदीहि नव्यावर नेतां येतात. मात्र तबकडी घेणारें पांचवें निवडावें लागतें. बिनतबकडीचें यंत्र स्वस्त म्हणून घेतलें, तर घरांतल्या तबकड्या त्यावर तशाच चालत नाहींत. सारांश, चौथें यंत्र पितळेच्या तपेल्याच्या जातीचें आहे व दुसरें जरीच्या वस्त्राच्या. दुकानदाराच्या किंमतीचा क्रम व सार नष्ट होण्याचा क्रम हे एकमेकांच्या नेमके उलटे आहेत.

आमच्या घरच्या तबकड्यांत एक ‘देसी अड्डा’ नांवाची आहे. २००९ सालीं हैदराबादच्या एका मंडळीनें ती रचिली व सोनीनें प्रसिद्ध केली. तींत विटीदांडू आहे, कबड्डी आहे, पतंगांची काटाकाटी आहे. त्याच वर्षीं निघालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळहि याच यंत्रासाठीं आपल्याच देशांत घडविलेला. या खेळांचा दर्जा फार मोठा होता, असा आमचा दावा नाहीं. परंतु विटीदांडूस पडद्यावर आणण्याचा आपल्या माणसांनीं केलेला तो एक आरंभींचा प्रयत्न आहे, आणि तो ज्या यंत्रावर पाहतां येतो, त्याची किंमत आज जवळजवळ शून्य धरली जाते.

ज्यांनीं हे खेळ केले, ते ते जपून ठेवतील, अशी आशा करण्यास इतिहासाचा आधार नाहीं. १९८३ सालीं धंदा बसला, तेव्हां अटारी कंपनीनें आपल्या न खपलेल्या खेळांच्या पेट्या न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत पुरल्या. पुष्कळ वर्षें लोकांस ही दंतकथा वाटे. २०१४ च्या एप्रिलांत तो उकिरडा उकरला, तेव्हां सुमारें तेराशें पेट्या वर निघाल्या. जुन्या खेळांच्या रक्षणासाठीं झटणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं शंभरांत सत्त्याऐंशी खेळ आज बाजारांत कोणत्याहि रूपानें विकत मिळत नाहींत. व्यापाऱ्यास पुढची वस्तु विकावयाची असते. मागची सांभाळण्याचें ओझें घेणाऱ्यावर पडतें.

आतां आमच्या गांवाकडे वळूं. कारंजा हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांस ठाऊक आहे. परंतु या गांवाचें आणखी एक धन आहे, तें जैनांच्या ग्रंथभांडारांचें. येथें सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन परंपरांचीं मंदिरें असून त्यांत हस्तलिखितांचा मोठा संग्रह पिढ्यान् पिढ्या सांभाळला गेला. व्रताच्या उद्यापनास ग्रंथाची नक्कल करवून ती दान द्यावी, अशी चाल असल्यामुळें संग्रह वाढत गेला. त्यांत कांहीं ग्रंथ अपभ्रंश भाषेंतले होते. ही भाषा बोलणारें कोणी शतकानुशतकें उरलें नव्हतें. तिची बाजारांत किंमत करावयाची झाली असती, तर रद्दीच्या कागदापलीकडे ती गेली नसती.

१९१८ सालीं याकोबी या जर्मन पंडितानें ‘भविसत्तकह’ प्रसिद्ध केला, तोंपर्यंत अपभ्रंशांतील संपूर्ण काव्य छापील रूपानें विद्वानांस जवळजवळ अपरिचित होतें. १९२६ सालीं रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचि नागपुरास प्रसिद्ध केली; तींत कारंज्याच्या भांडारांतील हे ग्रंथ जगापुढें आले. त्यानंतर कारंजा जैन ग्रंथमालेंत एकामागून एक ग्रंथ निघाले. १९३१ सालीं परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ संपादिलें. १९३३ सालीं अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं त्याच कवीचें ‘णायकुमारचरिउ’ व १९३४ सालीं कनकामराचें ‘करकंडचरिउ’ काढलें. रायबहादुर व प्राध्यापक या दोन व्यक्ति वेगळ्या, हें नांवाच्या सारखेपणामुळें येथें सांगणें बरें. पुष्पदंत हा दहाव्या शतकांत राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानींत राहून लिहिणारा कवि. प्राकृतापासून आपल्या आजच्या भाषांकडे येणाऱ्या वाटेवर अपभ्रंश हा मधला मुक्काम. त्या मुक्कामाची साक्ष वऱ्हाडांतल्या एका व्यापारी गांवीं, कापडांत बांधून ठेविलेल्या गठ्ठ्यांत सांपडली.

या हकीकतींतून ‘सर्व कांहीं जपून ठेवावें’ असा बोध कोणी काढील, तर तो चुकीचा होईल. कारंज्याच्या लोकांनीं ग्रंथ नुसते ठेविले नाहींत. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे श्रुतपंचमीस, ग्रंथ बाहेर काढावे, झाडावे, त्यांस ऊन-वारा द्यावा, नवें वेष्टन घालावें व पूजा करावी, असा जैनांचा परिपाठ आहे. वर्षांतून एकदां गांठ सुटते, म्हणून कसर लागली तर कळते. ज्या घरीं पोथ्या माळ्यावर टाकून दिल्या, तेथें त्यांस वाळवी लागली. पुष्कळ ठिकाणीं मोडी कागदांचे रुमाल वाण्याच्या पुड्यांस गेले. ठेवणें आणि विसरणें यांत अंतर फार थोडें असतें.

यंत्राच्या बाबतींत तर हें दुपटीनें खरें आहे. पूर्वीं कारंज्यावरून यवतमाळास जात असलेल्या ‘शकुंतला’ गाडीचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं मँचेस्टरांत बनलेलें. तें १९९४ च्या एप्रिलपर्यंत गाडी ओढीत होतें. तें टिकलें, कारण रोज त्यास तेल घालणारा, कोळसा टाकणारा व बिघाड ओळखणारा हात होता. आमच्या प्लेस्टेशनची तबकडी वाचणारी भिंगाची जागा धुळीनें मंद होते, रबर कडक होतें, आंतली घड्याळाची बॅटरी संपते. शिवाय त्याच्या तांबड्या, पांढऱ्या व पिवळ्या वायरी घेणारीं भोंकें पुष्कळ नव्या टीव्हींत राहिलींच नाहींत. वापराविना ठेविलेलें यंत्र हळूहळू मोडींतच जातें. फरक इतकाच कीं, त्याबद्दल सूटहि मिळत नाहीं.

पुतण्याचा पक्षहि आम्ही हलका लेखीत नाहीं. घरांत जागा थोडी. पैसा त्याहून थोडा. शिवाय चालतें यंत्र दुसऱ्या घरीं गेलें, तर नवें घेण्याची ऐपत नसलेलें एकादें मूल त्यावर खेळेल, आणि खेळण्याचें सार्थक खेळण्यांतच आहे. म्हणून आम्हीं दुकानदारास स्पष्ट विचारलें कीं, तुम्ही याचें काय करणार? तो प्रामाणिक मनुष्य होता. चौथें यंत्र दुरुस्त करून विकतों, असें तो म्हणाला. दुसऱ्याचे सुटे भाग काढून घेतों व उरलेलें भंगारांत देतों. त्या उत्तरानें आमचा संशय फिटला.

निवाडा असा झाला. चौथें यंत्र द्यावें. तें दुसऱ्या घरीं खेळलें जाईल, आणि त्यांतलें जें आमचें, तें पांचव्यांत उतरेल. तबकडी घेणारेंच पांचवें घ्यावें. दुसरें ठेवावें, परंतु तें पुतणीच्या आठवणीखातर नव्हे, आणि ‘पुढेंमागें किंमत येईल’ या लोभानें तर नव्हेच, तर त्यांतलें सार उतरून घेणारें दुसरें भांडें घरांत नाहीं म्हणून. ठेवावयाचें तर एका अटीवर: वर्षांतून एकदां तें बाहेर काढून, पुसून, जुन्या टीव्हीला जोडून चालवून पाहावें. ज्या वर्षीं घरांतल्या कोणासच तेवढी उसंत मिळणार नाहीं, त्या वर्षीं तें खुशाल भंगारवाल्यास द्यावें. कारण मग तें जपण्याचा आमचा अधिकार संपला.

पुतण्यानें ही अट मान्य केली. सूट थोडी कमी मिळाली, तेवढी त्यानें आपल्या सांठविलेल्या पैशांतून भरली. यंदा ज्येष्ठांत पुतणी सुटीस आली, तेव्हां गांवांत श्रुतपंचमीचे ग्रंथ बाहेर निघाले होते. त्याच दिवशीं संध्याकाळीं दोघां भावंडांनीं जुन्या यंत्राची गांठ सोडली. पहिल्या दोन खेपांस तबकडी लागली नाहीं. भिंग पुसल्यावर तिसऱ्या खेपेस पडदा उजळला, आणि आठ मेगाबाइटांच्या इवल्याशा कार्डांत दोघांच्या नांवें मांडलेले जुने सामने जसेच्या तसे निघाले. हार कोणाची झाली होती, यावरून तीं पुन्हां भांडूं लागलीं, तेव्हां आम्ही उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलों.