दोन एकराचं शेत हिवाळ्यात कसं चालतं? समजून घ्या रब्बीचं गणित

थंडी पडली की सोशल मीडियावर हुरडा पार्टीचे फोटो दिसू लागतात. पण ज्या शेतातून हा हुरडा येतो, तिथे हिवाळ्यात नेमकं काय सुरू असतं? पाऊस थांबलेला असतो. त्यामुळे छोट्या शेतकऱ्याचा सगळा रब्बी हंगाम एकाच प्रश्नावर ठरतो: पाणी किती उरलंय?

छोटा शेतकरी म्हणजे कोण?

1 हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे अडीच एकरांपेक्षा कमी जमीन असेल तर अत्यल्पभूधारक आणि 1 ते 2 हेक्टर असेल तर अल्पभूधारक. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका शेतकऱ्याकडे सरासरी 1.34 हेक्टर जमीन आहे.

पाणी पाहून पीक

विहिरीला पाणी नसेल, तर ज्वारी. सोलापूर, धाराशिव भागातल्या काळ्या जमिनीत ती सप्टेंबरच्या मध्यापासून पेरतात आणि जमिनीतल्या ओलीवरच ती वाढते. ओल कमी झाली की जमिनीला भेगा पडतात. त्या बुजवण्यासाठी कोळपणी करतात. ज्वारीतून घरात भाकरी येते आणि जनावरांना कडबा मिळतो, म्हणून भाव पडला तरी ती पेरली जाते.

एक-दोन पाणी देता येत असेल, तर हरभरा. फुलोऱ्याच्या सुमारास आणि घाटे भरताना पाणी मिळालं तर फायदा होतो. पाणी जास्त झालं की पीक उभळतं.

पाणी भरपूर असेल, तरच गहू. बागायती गव्हासाठी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा योग्य मानला जातो. उशीर होईल तसं उत्पादन घटतं, कारण दाणा भरताना ऊन वाढलेलं असतं. पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. त्या वेळचं पाणी चुकवून चालत नाही.

कोणत्या महिन्यात काय?

• नोव्हेंबर: गहू-हरभऱ्याची पेरणी, ज्वारीत कोळपणी.
• डिसेंबर: खुरपणी, हरभऱ्याचे शेंडे खुडणं (त्याची भाजीही होते), घाटेअळीसाठी पक्षीथांबे आणि कामगंध सापळे.
• जानेवारी: कणसांत दाणा भरतो, त्यामुळे पाखरं राखण्याचं काम. हुरडाही याच सुमारास.
• फेब्रुवारी: हरभऱ्याची आणि ज्वारीची काढणी. मग कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचायची.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या असते. त्या दिवशी कामाला सुट्टी. सगळं घर शेतात जेवतं, भज्जी-आंबिलाचा बेत असतो.

रात्रीचं पाणी का?

शेतीपंपांना वीज पाळीने मिळते: कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की कडाक्याच्या थंडीत, चिखलात उभं राहून दारं धरावी लागतात. साप-विंचवाची भीती असते, जुन्नरसारख्या भागात बिबट्याचीही. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ती ज्या गावात पोहोचली नाही, तिथे शेतकरी अजूनही बॅटरी घेऊन रात्री बांधावर जातो.

थोडक्यात, पाऊसकाळात पाणी ढगांवर अवलंबून असतं, हिवाळ्यात ते विहिरीवर आणि विजेच्या वेळापत्रकावर. एक पाळी चुकली तर दोन एकरवाल्याकडे नुकसान भरून काढायला दुसरं रान नसतं.